चिखलाची गवाही

माझ्या टेबलावर अत्तराची एक जुनी बाटली आहे. येणाऱ्याजाणाऱ्याला वाटतं, म्हाताऱ्याला या वयात शौक सुचलेला दिसतोय. एकदोघांनी बूच काढून ती नाकाशी नेली आणि तोंड वाकडं करून खाली ठेवली. बाटलीत चिखल आहे. ज्यांनी ती मला दिली त्यांच्या घरी अशा वीसबावीस बाटल्या होत्या. त्या गृहस्थांबद्दल लिहायचं मी आजवर टाळत आलो. टाळण्याचं कारण त्यांच्यात नाही, माझ्यात आहे.

ते माझे घरमालक. मुरूडच्या वरच्या अंगाला, एका खाडीच्या तोंडाशी असलेल्या गावात मी मराठी शाळेवर मास्तर म्हणून गेलो तेव्हा चोवीस वर्षांचा होतो. देशावरचा माणूस. समुद्र पहिल्यांदा पाहिला तो नोकरीचा हुकूम खिशात घालून. गावात जागा मिळेना. शेवटी मोहल्ल्याच्या कडेला, नारळीच्या वाडीत दोन खोल्यांचं सुटं घर रिकामं आहे असं कळलं. वाडीचे मालक आमच्या खाडीतून मुंबईला जाणाऱ्या आगबोटीवर सारंग होते. सारंग म्हणजे बोटीचा मुख्य माणूस. मोठ्या बोटींवर ज्याला कप्तान म्हणतात तो. सगळं गाव त्यांना सारंगच म्हणे. मी पुढे चाचा म्हणू लागलो.

उंच, काटकुळे, मेंदी लावलेली दाढी, आणि अंगाला कोळशाचा नि खोबरेल तेलाचा मिसळलेला वास. मी घर बघायला आलो आहे म्हटल्यावर ते म्हणाले, "घर बगा मागनं. आदी सांगा, तुमचं नाक कसं हाय?"

नाक ठीक आहे म्हणालो. त्यांनी कोनाड्यातली एक बाटली काढून माझ्या नाकाखाली धरली. मी मान मागे घेतली. "दिघी," ते कौतुकानं म्हणाले. मग दुसरी धरली. "ही आगरदांड्याची. फरक कळला?"

मला दोन्हींची सारखीच घाण येत होती. तसं सांगितलं, तर ते रागावले नाहीत. "कळंल हळूहळू. ऱ्हावा हितं," म्हणाले, आणि घर मला मिळालं.

पाण्याची खोली मोजायला बोटीवरून दोरीला बांधलेलं शिसं सोडतात. त्या शिशाच्या बुडाला एक खळगा असतो आणि त्यात चरबी भरलेली असते. शिसं तळाला टेकलं की चरबीला तळाची माती चिकटून वर येते. बाकीचे सारंग त्या मातीकडे नजर टाकत आणि पुसून टाकत. आमचे चाचा ती चिमटीत घेत, चोळत, हुंगत, क्वचित जिभेच्या टोकालाही लावत, आणि मग म्हणत, "रेवस मागं ऱ्हायलं." धुकं असो, सर असो, किनारा दिसो न दिसो. रेवस, मांडवा, मुरूड, दिघी, श्रीवर्धन अशी सगळी बंदरं त्यांच्या नाकात होती, आणि नाक विसरू नये म्हणून घरी बाटल्यांत होती. बाटल्यांवर नावं नव्हती. त्यांना वाचता येत नव्हतं, आणि नावं लिहून देऊ का विचारलं तर म्हणाले, "पोराच्या कपाळावर कोन नाव लिवतं काय?"

"दर्या वर खोटा, खाली खरा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. लाट फसवते, धुकं फसवतं, दूरचा दिवा जवळ वाटतो. तळाचा चिखल मात्र कधी खोटं बोलत नाही. हे ते इतक्यांदा म्हणत, की मी शाळेत फळ्यावर सुविचार म्हणून लिहिलंसुद्धा. मुलं हसली. त्यांच्या घरी ते आधीच पाठ होतं.

सगळ्या बाटल्यांपैकी मला दोनच ओळखता आल्या, दोन्ही आमच्याच खाडीच्या. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा एक लांब दांडा होता. बाहेरून येणाऱ्या बोटीनं दांडा संपेपर्यंत सरळ यायचं आणि मग उजवीकडे धक्क्याकडे वळायचं. आधी वळली तर दांड्यावर बसलीच. दांड्याबाहेरचा चिखल काळा, शिंपल्यांचा उग्र वास असलेला. दांड्याच्या आतला करडा, मऊ. त्याला कुजक्या पेंढ्याचा वास येई, कारण खाडीच्या वरच्या टोकाला खाऱ्या जमिनीत बांध घालून केलेली भातशेती होती आणि तिची माती पाण्याबरोबर दांड्यापर्यंत येऊन थांबे. एकदा गंमत म्हणून मी या दोन बाटल्यांची जागा बदलून ठेवली. संध्याकाळी चाचा ओटीवरून ओरडले, "मास्तर! दांड्याच्या आतला भायेर नेऊन ठेवलात? बोट बसंल ना माजी!" आणि कितीतरी वेळ आपल्याशीच हसत राहिले. ते हसणं पुढे मला फार जड गेलं.

बोटीला एक भारदस्त इंग्रजी नाव होतं. तिला सगळे म्हातारी म्हणत. धुराड्याला ठिगळं, कठड्याला गंज, बाकं बसून बसून गुळगुळीत झालेली. चढ लागलेल्या माणसासारखी धापा टाकत ती खाडीत शिरे. चाचा तिच्यावर पाय ठेवताना वहाणा काढत, हात धूत. बोटीवर कुणी शीळ घातली तर वादळाला बोलावतोस काय म्हणून त्याला दम देत. एकदा एक अंमलदार भरतीची वाट न बघता बोट काढा म्हणून हटून बसले. चाचांनी त्यांच्यासाठी खुर्ची मागवली, सावलीत ठेवली आणि म्हणाले, "बसा साहेब. भरती तुमच्या हाताखाली न्हाय, माज्याबी न्हाय. दोगं मिळून वाट बगू."

मी तिथे लागल्याला चार वर्षं झाली तेव्हा कंपनीचं एक पत्र आलं. चाचांची पत्रं मीच वाचत असे. येता हंगाम म्हातारीचा शेवटचा, पुढच्या साली नवी बोट येईल, असं त्यात होतं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, "बरं झालं. दोगं बरोबरच उतरू."

त्यानंतर थोड्याच दिवसांनी रमजानचा महिना संपत आला. एकोणतिसाव्या रोजाच्या संध्याकाळी सगळा मोहल्ला चंद्र बघायला धक्क्यावर जमे. दिसला तर दुसऱ्या दिवशी ईद, नाहीतर आणखी एक रोजा. कुणीही उठून दिसला म्हणून चालत नसे. मशिदीतले मौलवी तिथेच बसून दोघांची गवाही, म्हणजे साक्ष, घेत, आणि गवाही देणारा खऱ्याचा माणूस असावा लागे. आयुष्यात एकदा जरी कुणी खोटी गवाही दिली असेल, तर त्याचा चंद्र धरत नसत. आमच्या गावात पहिली गवाही वर्षानुवर्षं चाचांची. दर्यावर्दी नजर, सगळ्यांच्या आधी त्यांनाच दिसे.

त्या संध्याकाळी मीही त्यांच्याशेजारी उभा होतो. आकाश स्वच्छ होतं आणि पाण्याच्या वर चार बोटांवर कोर अगदी स्पष्ट दिसत होती. माणसं चाचांकडे बघत होती. चाचा समोर बघत होते आणि बोलत नव्हते. शेवटी दुसरंच कुणीतरी ओरडलं, मग तिसरं, आणि मौलवींनी त्यांची गवाही घेतली. लोकांना वाटलं, म्हाताऱ्यानं यंदा तरण्यांना मान दिला.

परतताना मी म्हटलं, "चाचा, इतकी स्वच्छ होती कोर. तुम्ही का नाही बोललात?"

ते थांबले. माझ्या दंडाला धरून त्यांनी मला रस्त्याच्या कडेला घेतलं. "दिसली न्हाय, मास्तर. दोन सालं झाली, धूर भरलाय डोळ्यांत. मागल्या साली ढगच होते, निबावलं. तुमी हितं उबे हाव म्हनून आवाजावरनं कळतं."

मी विचारलं, "आणि बोट?"

"सुकाणूवरच्या गड्याचे डोळे हायत. उघड्या हवेत तो बगतो. हवा झाकली तर माजं नाक हाय. बोट चिखलावर चालते, डोळ्यांवर न्हाय." मग म्हणाले, "चंद्राच्या बाबतीत खोटं बोलवत न्हाय. मी विचार केला, एक शब्द तर बोलायचा हाय. न्हाय बोलवला."

मला म्हणता आलं असतं, की मग दीडशे माणसांच्या बाबतीत तुम्ही रोज काय करता? ते मी म्हटलं नाही. मला त्यांचा लोभ होता. वडील लवकर गेलेल्या मुलाला असतो तसा. "एकच हंगाम ऱ्हायलाय, तेवडा द्या," ते म्हणाले, आणि तो मी त्यांना दिला. कुणाला सांगणार नाही असा शब्द दिला आणि तो पाळला.

पावसाळ्यात बोटी बंद. त्या साली पाऊस राक्षसासारखा पडला. चाचा घरातून हलत नव्हते. निसरड्यावर पाय टाकायची आता भीती वाटे, आणि भीती वाटते हे कुणाला दिसू द्यायचं नव्हतं. मी संध्याकाळी जाऊन बसे. गावातलं सगळं सांगे. कुणाच्या घरावर माड पडला, कुणाची म्हैस व्याली, शाळेचं छप्पर कुठे गळतं. आषाढात एका रात्रीत खाडीवरचा शेतांचा मोठा बांध फुटला आणि लावलेलं भात मातीसकट वाहून गेलं. त्या शेतांच्या गावची अकरा मुलं महिनाभर शाळेत आली नाहीत. घरची सगळी माणसं बांध घालत होती. अकरा गैरहजेऱ्या मी स्वतःच्या हातानं मांडत होतो.

चाचांना मी हे सांगितलं नाही. लपवलं असंही नाही. वर्षापूर्वी माझं लग्न झालं होतं, त्या दिवसांत घरी गोड बातमी होती आणि मी त्यातच होतो. मी देशावरचा, शेतातली माती समुद्राच्या तळाचं काय करते हे माझ्या डोक्यात आलंच नाही. चार वर्षं बाटल्या हुंगूनही आलं नाही.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू होत. पहिल्या खेपेच्या आधी म्हातारी एक छोटी फेरी मारी. सकाळच्या भरतीला धक्क्यावरून निघायचं, खाडीतून बाहेर पडायचं, मुरूडचा पाण्यातला किल्ला दिसला की दर्यात नारळ सोडायचा, चाचांनी फातेहाची प्रार्थना पढायची आणि दुपारच्या आत परत. या फेरीला तिकीट नसे. कोळणी नवी लुगडी नेसून येत, मोहल्ल्यातल्या बायका डबे भरून आणत. दर्याशी पुन्हा बोलणं सुरू करायचा तो दिवस.

म्हातारीची ती शेवटची नारळाची फेरी म्हणून गाव लोटलं होतं. माझी बायको कधी बोटीत बसली नव्हती. सातवा महिना चालू होता. फळीवर पाय ठेवण्याआधी तिनं माझ्याकडे बघितलं. "अहो, जुनी दिसतेय फार. काही होणार नाही ना?"

"चाचा आहेत ना," मी म्हणालो.

जाताना सगळं सुरेख झालं. ऊन होतं, किल्ला दिसला, नारळ सोडला. चाचांनी हात पसरून फातेहा पढला तेव्हा कोळणींनीही पदर डोक्यावर घेतले. बोट वळली, आणि परतीच्या वाटेवर एकाएकी सर आली. किनारा पुसला गेला. सुकाणूवरच्या गड्याला बोटीचं टोकही दिसेना. माणसं छपराखाली दाटीनं उभी राहिली, कुणाला काळजी अशी नव्हती. चाचांचा आवाज आला, "शिसं टाका."

मी दोनतीन हातांवर होतो. खलाशानं शिसं वर ओढून त्यांच्यापुढे धरलं. त्यांनी चिमूट घेतली, चोळली, हुंगली. पुन्हा हुंगली. कपाळाला आठी पडली. "आलो एवड्यात?" असं काहीसं पुटपुटले. मग मान हलवली आणि म्हणाले, "आत आलो. उजवीकडं घे."

माझ्याही नाकाशी तो वास आला होता. कुजक्या पेंढ्याचा. चार वर्षांत शिकलेला माझा एकुलता एक वास. मीसुद्धा मनात म्हणालो, आत आलो.

हादरा फार मोठा नव्हता. खालून कुणीतरी बोट धरून ठेवावी तशी ती थांबली आणि सगळी माणसं एकमेकांवर गेली. मग तळातून एक लांब करकर आवाज आला. पोरं रडू लागली. बायकोनं माझा हात इतका घट्ट धरला की नखं रुतली. सर ओसरली तेव्हा दिसलं, की धक्का अजून लांब होता आणि म्हातारी दांड्यावर आडवी बसली होती. ओहोटी लागली होती. बोट कलायला लागली.

कोळ्यांनी होड्या काढल्या. सगळी माणसं सुखरूप उतरली. मी बायकोला उतरवून मागे फिरलो, कारण चाचा हललेच नव्हते. त्यांनी पुन्हा शिसं टाकायला लावलं होतं आणि हातात तो चिखल घेऊन ते उभे होते.

"मास्तर हायत काय?"

"आहे, चाचा."

"वर कुनाचा बांध फुटला काय?"

मी हो म्हणालो. केव्हा, ते विचारलं. आषाढात, म्हणालो. त्यांनी हिशेब केला असावा, की आषाढातल्या प्रत्येक संध्याकाळी मी त्यांच्या ओटीवर होतो.

"मला बोलला न्हाय," ते म्हणाले. त्यात राग नव्हता. रागावले असते तर मला बरं वाटलं असतं. वाहून आलेली शेतांची माती दांड्याच्या बाहेरपर्यंत जाऊन बसली होती. मी गमतीनं बाटल्यांचं केलं होतं, ते पावसानं खाडीत केलं.

चौकशी आमच्या शाळेतच झाली, दुसरी मोठी जागा गावात नव्हती. कंपनीचा एक साहेब मुंबईहून आला. जबाब मराठीत लिहून घ्यायला माणूस हवा होता म्हणून मलाच बसवलं. चाचा माझ्यासमोर मुलांच्या बाकावर गुडघे मुडपून बसले होते. बोट कुणी वळवली? मी. गड्याचा दोष? काही न्हाय. मला दिसत न्हाय, दोन सालं झाली. हे त्यांनी न विचारता सांगितलं. साहेबानं पेन्सिल खाली ठेवली. शाळेबाहेर जमलेलं गाव खिडक्यांशी आलं.

मग साहेबानं विचारलं, "हे गावात आणखी कुणाला माहीत होतं? ज्याला माहीत असेल आणि ज्यानं तरी माणसं चढू दिली, तो तुमच्याइतकाच गुन्हेगार आहे."

माझा टाक कागदावर टेकलेला होता. चाचांनी चेहरा माझ्या बाजूला वळवला. बरोबर माझ्याकडे नाही, थोडा डावीकडे.

"कुनाला न्हाय," ते म्हणाले.

"घरात? शेजारी? हे मास्तर तुमच्याच वाडीत राहतात म्हणे."

"मास्तरांनाबी न्हाय. खुदाची कसम."

मी ते लिहिलं. 'मास्तरांसही ठाऊक नव्हते.' अक्षर माझं चांगलं आहे, त्या ओळीतही चांगलंच आलं. मग अंगठा उठवायचा होता. त्यांना कागद दिसत नव्हता, म्हणून मीच त्यांचा अंगठा धरून शाईत बुडवला आणि त्या ओळीखाली टेकवला.

त्यांचा परवाना गेला. म्हातारीचा तळ उसवला होता. तिला किनाऱ्यावर ओढून तिथेच तोडली. घणांचे आवाज वाडीत ऐकू येत. चाचा ओटीवर बसून ऐकत. एका संध्याकाळी त्यांनी दांड्यावरच्या त्या चिखलाची बाटली माझ्या हातात दिली. "ही माज्याकडं नको. माजं नाक बिगडंल." आमच्या घरी मुलगी झाली तेव्हा तिला पहिलं अंगडं त्यांच्या घरून आलं.

पुढचा रमजान आला. एकोणतिसाव्या संध्याकाळी मौलवी स्वतः वाडीत आले. म्हणाले, "सारंग, डोळे गेले तर गेले. तुमी नुसते बसा. बगणाऱ्यांना तुमी विचारा, टोकं कुठं होती, पाण्यापासून किती वर होती. खरं-खोटं तुमच्याइतकं कुणाला कळतं? तुमी बोलाल तर ईद."

चाचा आले, पण मौलवींच्या चटईवर बसले नाहीत. धक्क्याच्या टोकाला, माझ्याजवळ येऊन बसले. पुन्हा बोलावणं आलं तेव्हा नुसता हात हलवला. लोक म्हणाले, बोटीचं लागलंय मनाला म्हाताऱ्याच्या.

मी हळूच म्हटलं, "चाचा, जा ना. एवढा मान देतायत."

"कसा जाऊ, मास्तर?" ते म्हणाले. "खोटी गवाही दिल्याली हाय मी. कसम घेऊन. आता चंद्राचं बोलायचा हक न्हाय मला." हे ते अगदी साधेपणानं म्हणाले. भरती कधी आहे ते सांगावं तसं.

तेवढ्यात मला कोर दिसली. अजून कुणालाच दिसली नव्हती.

"दिसला काय हो?" त्यांनी विचारलं. माझा श्वास थांबलेला त्यांना ऐकू गेला असावा.

"दिसला."

"कुटं?"

मी सांगितलं. पाण्यापासून तीन बोटं वर, टोकं डावीकडे. त्यांनी तिकडे तोंड केलं, मान हलवली आणि हसले. "बराबर. बोलू नका आता. त्यांना दिसू दे."

मागे चटईवर मौलवी वाट बघत होते. त्यांच्याकडे जाऊन मला एकच वाक्य बोलायचं होतं, की ती गवाही माझ्यासाठी होती आणि खोटा मी आहे. आमच्यात आणि त्यांच्यात वीस पावलं असतील. मी ती चाललो नाही.